अमडापूरच्या वाचनालयाची लॉटरी

मित्रांनो, अमडापूरच्या बसस्टँडसमोर निवृत्तीभाऊंचा छोटासा गाळा आहे. त्याच्या दाराशी लॉटरीची तिकिटं लावलेला लाकडी फळा असायचा ना, तो मी. आता रंग उडालाय, पण तेव्हा माझा काय तोरा होता!

चिखलीच्या सुताराने मला घडवलं आणि अंगावर इलॅस्टिकच्या सात पट्ट्या ठोकल्या. भाऊ रोज सकाळी त्यांत रंगीत तिकिटं खोचत.

एका वर्षी नवी सोडत आली. तिकिटामागे छापलं होतं, ‘उत्पन्न ग्रामीण वाचनालयांसाठी’. भाऊ हुरळून गेले. “घ्या हो! लागली तं तुमची, नाही लागली तं गावच्या वाचनालयाची!” मग न लागलेलं तिकीट कुणी फेकेना. गावाचा वाटा सरकारला दिसावा म्हणून लोक ते माझ्या बाजूच्या तारेत टोचून जात. मला त्या तारेचा फार अभिमान वाटे.

भाजी विकणाऱ्या शालूबाई दर बाजाराला एक तिकीट घेत. त्यांची अश्विनी पोलीस भरतीची तयारी करत होती आणि घरात अभ्यासाला कोपराही नव्हता.

“भाऊ, परीक्षेच्या आत होईन ना वाचनालय?”

“हाव, होते ना!”

शेवटी भाऊ ती तिकिटं तारेसकट घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी समजावून सांगितलं, साऱ्या राज्याचा पैसा एकत्र जमतो. कोणत्या गावाने किती तिकिटं घेतली, हे कुणी बघत नाही. वाचनालय मिळणाऱ्या गावांच्या यादीत अमडापूर नव्हतं.

त्यानंतर भाऊंनी मला बाहेर मांडलंच नाही. शालूबाईंना तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती. मलाही वाईट वाटत होतं.

बाजाराच्या दिवशी त्याच आल्या. “काऊन बंद ठेवलं, भाऊ?” भाऊंनी सगळं सांगितलं. शालूबाई भडकल्या.

“मले सरकारनं नाही सांगतलं, तुमी सांगतलं. आता जागा तुमीच द्या!”

दुसऱ्या दिवशी भाऊंनी गाळा रिकामा केला, सतरंजी अंथरली. माझ्या पट्ट्यांत वर्तमानपत्रं आणि भरतीच्या पुस्तिका आल्या. पहिले आठ दिवस अश्विनी एकटीच यायची. आता बसायला जागा पुरत नाही. तरी कधी कधी मला त्या रंगीत तिकिटांची आठवण येते.

मित्रांनो, माझ्या पट्ट्या सैल झाल्यात. अंक हळूच काढा, वाचून परत खोचा. आणि चांगल्या कामाचं नाव सांगून कुणाकडून काही घेतलंत, तर ते काम झालेलं त्याला दाखवा. शालूबाईंना ते दिसलं, म्हणून मी अजून ताठ उभा आहे.