अथीच्या माळावरचा वाघदेव

मोंबाशाहून बोट सुटायला पंधरवडा उरला होता, आणि झुंबरबाईंनी सांगून टाकलं होतं की सून आणि नातू आपल्याबरोबर पिंपळनेरला परत येणार.

अभिमन, त्यांचा मुलगा, भुसावळची नोकरी सोडून नैरोबीच्या रेल्वे कारखान्यात फिटर झाला होता. मागल्या रजेनंतर झालेलं लेकरू त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते बंदरावर, बायकोच्या, सुंदरबाईच्या कडेवर. आता कुठे घरात चूल पेटू लागली होती.

"आठे गावले शीव नई, शीववर वाघदेव नई," झुंबरबाई म्हणाल्या. "जनावरसंगे कोनी बोलीकरार करेल नई. लेकरूले कोन राखी?"

आईला उलट उत्तर अभिमननं कधी दिलं नव्हतं. त्यानं एवढंच केलं, की रविवारी हिलालची लॉरी ठरवली. जनावरं आपापली चरतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत, हे माय डोळ्यांनी बघेल, तर तिचं मन वळेल. हिलाल रावेरचा, कारखान्यातला सोबती.

नैरोबीबाहेरचा अथीचा माळ पिवळा, उघडा, वाऱ्यानं विंचरलेला. पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रे दिसले तेव्हा झुंबरबाईंनी डोळ्यांवर हात धरला.

"या गाढवसले कोनी गोंदं?"

"जलमताच गोंदेल येतस, मावशी," हिलाल म्हणाला. पुढे जिराफ लागला. "हाऊ जर आमना केळीना बागमा घुसना, तर आमले शिडी नको."

सुंदरबाई हसली नाही. नवऱ्याची बाही तिनं चिमटीत धरली होती. सासू पाहत नव्हती तोवर धरली होती.

कोरड्या ओहोळापलीकडे बाभळीसारख्या एका झाडाखाली सिंह बसले होते. मादी, दोन बच्चे, आणि थोडा दूर नर. हिलालनं लॉरी थांबवली.

"वाघ," झुंबरबाई हळूच म्हणाल्या.

"सिंव्ह शे तो, मावशी."

"भाऊबंदच ना त्यासना." त्यांनी कमरेची पिशवी सोडली. शेंदराची पुडी त्या कुठेही नेत. "हात तरी कोठे जोडू? आठे देव नई."

सुंदरबाईनं लेकरू नवऱ्याकडे दिलं. "आत्याबाई, शेंदूर द्या."

नजर सिंहावर होती, म्हणून झुंबरबाईंनी न विचारता पुडी दिली. सून लॉरीतून उतरली. वाटेकडेला गुडघाभर उंचीचा एक धोंडा उभा होता. तिथवर ती चालत गेली, खाली बसली, पाठ सिंहांकडे. अभिमननं लेकरू छातीशी घट्ट धरलं. हिलालनं इंजिन चालूच ठेवलं.

नर उठला. त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग जांभई दिली आणि झाडाच्या पलीकडच्या सावलीला जाऊन पडला. सुंदरबाईनं दगडाला शेंदूर माखला, पदर पुढे घेऊन डोकं टेकवलं आणि परत येऊन बसली. तिचे हात लाल होते.

लॉरी परतीच्या वाटेला लागली.

वाघबारस येते दिवाळीत, आणि झुंबरबाईंच्या गावची रीत अशी, की ज्या हातानं वाघदेव बसला त्याच हातानं दरसाल निवद दाखवायचा. नवी नवरी असताना त्यांनी हौसेनं शेताच्या बांधावर एक दगड बसवला होता, आणि त्यानंतर एकही दिवाळी त्यांना माहेरी मिळाली नाही. जात्यावर बसल्या की त्या आपलीच ओवी म्हणत:

भाऊ मूळ धाडे माले दिवाळीना सनले,
कशी येऊ भाऊराया, देव एकला रानले.

जात्याच्या दुसऱ्या बाजूला खुंट्याला हात लावून सुंदरबाई बसलेली असे.

"तुले ठावं व्हतं," लॉरीत झुंबरबाई म्हणाल्या.

"व्हय, आत्याबाई."

"आते तुले माहेर नई. भाऊ येई, तरी नई."

"नई."

झुंबरबाईंनी सुनेच्या हातांकडे पाहिलं. मग तोंड फिरवून माळ पाहत राहिल्या. सूर्य उतरत होता, गवताला तांबूस कड आली होती.

"निवदले नागलीनी भाकर लागस," त्या म्हणाल्या. "आठे नागली कोठे मिळी?"

"बजारमा ढीग शे," हिलाल पुढून म्हणाला. "आठला लोके तेच खातस."

घराजवळ लॉरी थांबली, तेव्हा उतरता उतरता झुंबरबाईंनी मुलाला सांगितलं, बोटीचं तिकीट एकीचंच काढ.