उलट्या पायाचा नवस

सेक्वानादेवीला साक्रिला गेली बावीस वर्षं लाकडाचे हातपाय पुरवत होती, आणि देवीने आजवर एकदाही त्यांत खोट काढली नव्हती. नदी जिथे डोंगरातून उगम पावते तिथे देवीचं कुंड होतं. ज्याचं जे दुखत असेल ते ओकच्या लाकडात कोरून घ्यायचं, कुंडात सोडायचं आणि नवस बोलायचा. गुडघे, स्तन, आतडी, शिवाय पुरुष ज्याचं नाव कानात सांगत तो अवयवही साक्रिलाने बिनबोभाट कोरला होता. कुंडापलीकडे देवी ब्राँझच्या होडीत उभी होती, आणि ती होडी चक्क बदक होती. ज्या बाईला धड होडीसुद्धा मिळाली नाही ती दुसऱ्यांचे गुडघे काय बरे करणार, असं साक्रिलाचं खाजगी मत होतं.

आता मात्र ते मत तिला जड जात होतं. गेल्या हिवाळ्यापासून तिच्या दोन्ही डोळ्यांवर साय धरली होती. हात मुरलेले होते म्हणून ती चाचपून कोरत होती, पण ही गोष्ट कुणाला कळली असती तर तिचं आटोपलं असतं. पुजारी लितुगेनचा मेहुणा विंदो तिच्या झोपडीवर आणि धंद्यावर टपून बसला होता. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, झोपडी गेली तर जायचं कुठे? साक्रिला भ्यायली होती, आणि भ्यायली की ती जास्तच फटकळ व्हायची.

वसंतातल्या उत्सवाला घोड्यांचा व्यापारी कोब्नर्त आपला लाकडी पाय घ्यायला आला. लितुगेनने सगळ्या यात्रेसमोर तो पाय उचलला आणि शेठच्या खऱ्या पायाशेजारी धरला.

"साक्रिलाबाई, हा पाय कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? शेठचाच की."

"शेठचा डावा गुडघा सुजलाय. हा उजवा आहे. अंगठा कुठल्या बाजूला आहे बघ."

साक्रिलाने बघितल्यासारखं करून हात फिरवला. अंगठा चुकीच्या बाजूला होता. माप घेताना शेठ तिच्यासमोर बसला होता, आणि डोळ्यांनी जे आपोआप उलटं करून घेतलं असतं ते बोटांनी तसंच उचललं होतं.

"म्हणजे देवी माझा धडका पाय चेपत बसणार होय?" कोब्नर्त ओरडला. "चार दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून आलोय मी!"

"म्हातारीला दिसत नाही हो," विंदो मागून म्हणाला. "परवा माझ्या बोकडाला 'या दादा, बसा' म्हणाली."

हे खरं होतं. पण बोकडाला चांगली हातभर दाढी होती.

यात्रा खदखदून हसली. साक्रिलाच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि पुढचं सगळं त्या रागातच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"हसा! शेठ, इकडे या, असे कुंडापुढे उभे राहा. देवी कुठे तोंड करून आहे?"

"माझ्याकडे."

"मग तुमचा डावा पाय तिच्या कुठल्या हाताला येतो?"

शेठने हात वर-खाली करून पाहिले. "उजव्या."

"झालं तर! नवस तिला करायचा आणि पाय तुमच्या बाजूने द्यायचा? तिला कळायचं कसं?"

"पण बावीस वर्षं तू सरळच कोरतेयस!" लितुगेन म्हणाला.

"तुम्ही सांगितलंत तसं कोरलं. पुजारी तुम्ही, मी आपली लाकूड खरवडणारी. आता देवीनेच कान उपटले तेव्हा कळलं मला."

लितुगेन तोंड उघडणार तेवढ्यात गर्दीतून एक बाई किंचाळली, "अगं बाई! तरीच माझा खांदा बरा होत नाही!" मग कुणाची कंबर, कुणाचा कान, कुणाची गेली नऊ वर्षं ठणकणारी टाच. ज्याला गुण आला नव्हता त्या प्रत्येकाला कारण सापडलं. देवीची इतकी सोयीची बाजू खुद्द लितुगेनलाही कधी मांडता आली नव्हती, आणि हे त्याच्या लगेच लक्षात आलं. त्याने घसा खाकरला, "देवीची इच्छा!" असं म्हटलं आणि मेहुण्याला ओक तोडायला पिटाळलं.

दुपारपर्यंत झोपडीपुढे रांग लागली. साक्रिला मनातल्या मनात हसत मापं घेत होती. मग एका बाईने तिच्या हातात आपल्या मुलीचा लहान हात दिला. तो डावा हात भाजून आखडला होता.

"उजवाच कोरायचा ना, ताई?" आईने विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं. आम्ही गेल्या साली चुकीचा सोडला बघा. माझ्यामुळेच पोरीचे हाल झाले."

"तुझ्यामुळे काही नाही झालं," साक्रिला म्हणाली. मग खाली मान घालून तिने त्या हाताचं माप घेतलं. तिला स्वतःची लाज वाटली.

सगळी यात्रा डुकराच्या मटणावर आणि बिअरवर तुटून पडली तेव्हा ती कुंडावर गेली. कमरेला एक फळी होती, तिच्यावर शेजारी शेजारी कोरलेले दोन डोळे. बावीस वर्षांत स्वतःसाठी कोरलेलं हे पहिलंच काम.

"हे बघ," ती बदकाच्या दिशेने म्हणाली, "तुझं माझं कधी जमलं नाही. पण मी आंधळी होतेय आणि मला फार भीती वाटतेय. दोन्ही डोळे दिलेस तर सगळ्यांसमोर उभी राहून खरं सांगीन की मी थाप मारली."

ती फळी सोडायला वाकली आणि थांबली. सगळ्यांसमोर म्हणजे लितुगेन आला, विंदो आला, झोपडी गेली. डोळे घेऊन मग काय रस्ता मोजायचा?

साक्रिलाने फळी गुडघ्यावर ठेवून मधोमध मोडली. एक डोळा पदरात घातला आणि दुसरा पाण्यात सोडला.

"एकच दे," ती म्हणाली. "त्या पोरीच्या आईला तेवढं खरं सांगते. डावा दे की उजवा, मी तक्रार करणार नाही."