सत्तावीस पॉइंट दोन

मी एक जुना डाइव्ह कॉम्प्युटर आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका. समुद्रात उतरताना पाणबुडे मनगटावर जाडजूड घड्याळासारखं जे बांधतात, तोच मी. किती खोल आलात, किती वेळ झाला, वर कधी निघायचं, हे सगळं मी सांगतो. शिवाय कोपऱ्यात, बारीक आकड्यांत, पाणी किती गार आहे तेही सांगतो. माझी सारी फजिती त्या कोपऱ्यात झाली.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या तपासनीस बाईंनी माझी खोलीची परीक्षा डोळ्यांत तेल घालून घेतली. टाकीत कोंडून असा दाब दिला, की माझा जीव कासावीस झाला. तापमानाची परीक्षा मात्र त्यांनी उभ्या उभ्या उरकली. "खोली चुकली तर माणूस जाईल गं," त्या शेजारणीला म्हणाल्या, "तापमान चुकलं तर फार तर शिंक येईल." मला वाटलं, मी दोन्ही विषयांत पहिला आलो!

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्याने. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि पाव नंबराचा फरक पडला तरी काच बदलायची, हा त्याचा धंदा. माझ्या आकड्यातला दशांश पाहून तो हरखलाच. "बघ, पॉइंट दोनसुद्धा सांगतो!" तो बायकोला म्हणाला. तिच्याजवळही एक कॉम्प्युटर होता. कुणीतरी वापरून विकलेला, ओरखडे पडलेला, तिच्या हवेच्या नळीला लोंबकळणारा. त्या बापड्याला दशांश येतच नव्हते. नुसतं 'चोवीस' म्हणायचा आणि गप्प बसायचा. अडाणी कुठला, असं मी मनात म्हणायचो.

आता माझं गुपित ऐका. गार-गरम ओळखणारं माझं इंद्रिय जाड प्लास्टिकच्या पोटात आहे. माझ्या एका अंगाला समुद्र, तर दुसऱ्या अंगाला चष्मेवाल्याचं गुबगुबीत, उबदार मनगट. त्यात उतरण्याआधी मी होडीच्या फळीवर उन्हात भाजत पडलेला. पाणी गार आहे ही बातमी माझ्या पोटात रमतगमत यायची, आणि तीही अर्धीमुर्धी.

पाणी म्हणे, माझी थंडी कोण मोजणार?
मनगटाच्या उबेवरी चाले कारभार!

पाण्यात कोणता पोशाख घालायचा, पातळ की जाड, हे त्या घरात माझ्या मागच्या खेपेच्या आकड्यावर ठरे. मी ठसक्यात सांगायचो, सत्तावीस पॉइंट दोन. मग काय, पातळ पोशाख होडीत आणि जाड पोशाख कपाटात!

"अहो, मला हुडहुडी भरलीय," बायको म्हणायची.

"अगं, सत्तावीस पॉइंट दोन आहे. सत्तावीसला कुणाला थंडी वाजत नसते."

"मग हे दात काय टाळ्या वाजवतायत?"

"मनाचे खेळ असतात गं."

एकदा तर तिचे दात इतके कडकडले, की श्वासाची नळी तोंडात धरवेना. खूण करून ती अर्ध्यातूनच वर आली. किनाऱ्यावर सासूबाई चहाचा थर्मास घेऊन बसल्या होत्या. चष्मेवाल्याने हात पुढे केला. "आई, तूच बघ. सत्तावीस पॉइंट दोन!"

"मेल्या, तिचे ओठ बघ की निळे पडलेत ते! घड्याळ कसलं दाखवतोस?"

बायकोने दोन्ही हातांत कप धरला. "यापुढे तुम्ही आणि तुमचा पॉइंट दोन, दोघंच जा," ती म्हणाली. "मी नाही येणार."

मित्रांनो, एकट्याने पाण्याखाली जायचं नसतं. जोडीदार नाही तर समुद्र नाही. परतीच्या वाटेवर मला माझी पुढची जागा दिसू लागली, जुन्या चाव्यांचा खण.

घरी पोचल्यावर त्याने बादलीत बर्फ ओतला, पाणी घातलं आणि ढवळलं. "वितळत्या बर्फाचं पाणी म्हणजे शून्य अंश," तो पुटपुटला आणि त्याने मला आणि बायकोच्या कॉम्प्युटरलाही आत सोडलं. सासूबाईंनी आपला ताप मोजायचा थर्मामीटरही बुडवला. "माझाही बघा एकदाचा." त्याची मोजणीच पस्तिसापासून सुरू होत होती. तो आपला तिथेच अडून राहिला.

मी उतरलो. हळूहळू, नाइलाजाने उतरलो. तीन पॉइंट चारवर जो अडकलो, तो हललोच नाही. खाली मनगट नव्हतं, ऊन नव्हतं, सबब सांगायला काही उरलंच नव्हतं. शेजारचा अडाणी म्हणाला, "एक."

"म्हणजे दोघंही थापाडे," ब्लँकेटमधून बायको म्हणाली. "माझा निदान थोडक्यात आटोपतो."

चष्मेवाल्याने कपाटातून तिचा जाड पोशाख काढला, झटकला आणि गॅलरीत वाऱ्यावर टाकला. "चुकलंच माझं," तो तिकडे तोंड करून म्हणाला. "काच तपासायची सोडून मी तुझेच डोळे तपासत बसलो. समुद्र सोडू नकोस गं."

"बघू. आधी त्या दशांशाचं तोंड बंद करा."

त्याने माझ्या कोपऱ्यावर जखमेची चिकटपट्टी लावली. तेव्हापासून खोली आणि वेळ माझ्याकडे, आणि थंडी बायकोकडे. पोशाख चढवण्याआधी तो विचारतो, "कसंय गं पाणी?" ती बोट बुडवते आणि सांगते, "जाड."

आता माझा पट्टा तडकलाय, काच धुरकटलीय. तरी दोघं मला अजून नेतात. मित्रांनो, आमच्यासारख्यांना उन्हात भाजत ठेवू नका, अधूनमधून बर्फाच्या पाण्यात घालून आमची घमेंड तपासा. आणि कुणी म्हणालं, "मला थंडी वाजतेय," तर आधी त्याच्या अंगावर काहीतरी घाला. आकडा मागाहून बघता येतो.

चिकटपट्टी भिजून सुटली की बायको स्वतः नवी लावते, अगदी हळुवार. पट्टीखाली मी अजूनही सत्तावीस पॉइंट दोनच म्हणतो. पण मनातल्या मनात.