सही न करणाऱ्या बाईची थापी

मी एक जुनी थापी आहे. माझे पाते एके काळी चार इंच लांब होते, आता जेमतेम अडीच इंच उरले आहे. टोक बोथट झाले आहे आणि एक कड दुसरीपेक्षा जास्त खाल्ली गेली आहे. मला पाहून कुणी "अरेरे" म्हणाले की मला राग येतो. मित्रांनो, मी पडून पडून गंजलेली नाही, काम करून झिजलेली आहे. हा फरक ज्याला कळत नाही त्याने मला हातात न घेतलेलेच बरे.

माझा जन्म शेफील्डच्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या एकाच तुकड्यातून मला ठोकून काढले. विटांच्या सांध्यांत चुना-सिमेंट भरावे, एवढेच माझ्या नशिबी होते. पण मला जहाजात घालून आयर्लंडला पाठवले आणि गॉलवे परगण्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात, रंगाच्या डब्यांशेजारी मी खिळ्याला लटकले. तिथे एक दिवस सव्वीस वर्षांची एक मुलगी आली. तिने एकेक थापी उचलून, पाते दाबून, कानाजवळ टिचकी मारून पाहिली आणि शेवटी मला निवडले.

"घर बांधायला काढलंस काय?" दुकानदाराने विचारले.

"छे! मेलेल्यांची घरं उकरते मी," ती म्हणाली.

तिचे नाव डर्व्हला हॅनरहन. ती एका पुरातत्त्व कंपनीत कामाला होती.

त्या काळी आयर्लंडमध्ये जिकडेतिकडे रस्ते, वसाहती आणि गोदामे उठत होती. कायदा असा होता, की जमिनीत जुने काही असेल तर ते आधी नीट खणून, मोजून, लिहून काढायचे आणि मगच वर बांधायचे. खर्च बांधणाऱ्याने करायचा. म्हणून खणून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. कोण लवकर जमीन मोकळी करून देतो, यावर त्यांची चढाओढ चाले. पोकलेन वरची माती सोलून काढी आणि मग पिवळी जाकिटे घातलेली माणसे गुडघ्यांवर बसून माझ्यासारख्या थाप्यांनी जमीन खरवडत. पावसात, वाऱ्यात, बोटे बधिर होईपर्यंत. कंत्राट संपले की पुढच्या शेतावर. कुणाला कायमची नोकरी नव्हती, सगळ्यांचे गुडघे मात्र कायमचे दुखत.

मला धरायचे कसे, हे डर्व्हलाला मालाकी टुही नावाच्या माणसाने शिकवले. हा मालाकी तेव्हा साधा खोदकाम करणारा होता. "माती उकरू नकोस गं, तिला सोल. रंग बदलला की थांब. माती खोटं बोलत नाही, आपण बोलतो," असे तो म्हणायचा. पुढे तो त्याच कंपनीचा मोठा साहेब झाला, चिखलाचे बूट गेले आणि चकचकीत गाडी आली.

अकरा वर्षे मी डर्व्हलाच्या मागच्या खिशात राहिले. एकदा माझ्या कडेला काशाची एक पिन लागली, हजार वर्षांपूर्वीची. वर्तमानपत्रात पिनेचा फोटो आला, पिन हातात धरलेल्या पाहुण्याचा फोटो आला, पाहुण्याच्या कुत्र्याचाही आला. माझा आला नाही. मी रुसले नाही. आपल्याला काय सापडले ते आपल्याला ठाऊक असते.

मला जे सांगायचे आहे ते यानंतरचे आहे.

दोन हजार सहा सालचा मार्च महिना होता. नॉकडेर्ग नावाच्या गावाबाहेरून मोठा रस्ता जाणार होता आणि एक शेत तेवढे बाकी होते. तोपर्यंत डर्व्हला उत्खननाची प्रमुख झाली होती. तिकडे उत्खननाचा परवाना कंपनीच्या नावाने मिळत नाही, एका माणसाच्या नावाने मिळतो. जे काही होईल त्याला तो माणूस जबाबदार. त्या शेताचा परवाना डर्व्हलाच्या नावावर होता. आधी ठिकठिकाणी चर मारून पाहिले होते, काही सापडले नव्हते. शुक्रवारी दुपारी बारा वाजता जमीन रस्तेवाल्यांच्या ताब्यात द्यायची, असे ठरले होते.

मंगळवारी एक म्हातारी काठी टेकत कुंपणापाशी आली. डोक्याला रुमाल, पायात गमबूट. ती कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिली.

"चहा घेणार का, बाई?" लेशेकने विचारले. हा लेशेक पोलंडहून आलेला, डर्व्हलाचा कामातला जोडीदार. त्याचे इंग्रजी मोडके होते, पण चहाचा थर्मास कधी रिकामा नसे.

"चहा घरी आहे माझ्या," म्हातारी म्हणाली. "तुमच्यातली मुख्य कोण?"

डर्व्हला पुढे झाली. "मी. डर्व्हला."

"मी डेलिया कॉस्टेलो. पलीकडचं घर माझं. पोरी, त्या काटेरी झाडाच्या कोपऱ्यात हात घालणार आहात का तुम्ही?"

"उद्या पोकलेन तिथली माती काढेल, कॉस्टेलोबाई. का हो?"

"हळू काढा म्हणावं. तिथं लेकरं आहेत."

वाऱ्याने कुंपणाची जाळी वाजत होती. म्हातारीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बाप्तिस्मा व्हायच्या आधी जी गेली ती. त्यांना चर्चच्या जमिनीत जागा नसायची. किलीन म्हणतो आम्ही असल्या जागेला. माझा भाऊ आहे तिथं. एक दिवस जगला. मी सहा वर्षांची होते. बाबांनी साबणाच्या खोक्यात घालून नेला, आणि येताना कुणाशी बोलले नाहीत. आईनं विचारलंही नाही कुठं ठेवलात म्हणून. विचारायचं नसायचं."

"नकाशात नाही हो असं काही," डर्व्हला हळू आवाजात म्हणाली.

"नकाशा काढणाऱ्यांनी आम्हाला कुठं विचारलं?"

दुसऱ्या दिवशी डर्व्हलाने पोकलेनला वीतभरच माती काढू दिली आणि मग ती स्वतः गुडघ्यांवर बसली. मित्रांनो, तो कोपरा माझ्या अंगाला अजून आठवतो. पिवळसर चिकणमाती सोलता सोलता एके ठिकाणी माझ्याखालचा आवाज बदलला. माती मऊ आणि काळपट लागली. डर्व्हला थांबली. तिने कडेकडेने मला फिरवले, तशी एक लांबट वाटोळी खूण उमटली, भाकरीच्या परातीहून थोडी मोठी. तिच्या डोक्याशी तीन पांढरे गारगोटीचे खडे, जवळजवळ ठेवलेले. शेजारी तशीच आणखी एक खूण, आणि तिच्याशेजारी आणखी एक. संध्याकाळपर्यंत एकोणीस मोजून झाल्या.

लेशेकने डोक्यावरचे हेल्मेट काढले. "आमच्याकडे पण होतं असं," एवढेच तो म्हणाला.

गुरुवारी मालाकी आला. गाडीतून उतरताना त्याने बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. एवढ्यावरूनच मला कळायचे ते कळले.

"झाडाच्या मुळांचे खड्डे आहेत हे," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

"मुळं गारगोट्या मांडत नाहीत, मालाकी."

"शेतातले दगड असतील. हे बघ, कागद तयार करून आणलाय. 'इथे पुरातत्त्वीय महत्त्वाचे काही आढळले नाही.' सही कर आणि मोकळी हो. उद्या बाराला जमीन द्यायची आहे. रस्तेवाले डोक्यावर बसलेत माझ्या."

"बसू देत."

"डर्व्हला, उशीर झाला तर पुढचं काम दुसऱ्या कंपनीला जाईल. चाळीस माणसं आहेत माझ्याकडे. त्यांच्या घरी काय सांगू, हिला खड्ड्यांत देव दिसला म्हणून?"

"देव नाही दिसला. पोरं दिसली. एकदा खाली बसून तू स्वतः बघ. चल, वाक."

तो वाकला नाही. बुटांवरच्या पिशव्या वाऱ्याने फडफडत होत्या.

"माती खोटं बोलत नाही, असं कोण सांगायचं मला?" डर्व्हलाचा आवाज चढला. "तूच ना? का साहेब झाल्यावर मातीचीही बदली केलीस?"

मालाकीचा चेहरा लाल झाला. "तू सही करत नसलीस तर दुसरा करील."

"करू दे की! पण परवाना माझ्या नावावर आहे. दुसऱ्याच्या नावाने काढायला महिना लागेल. आणि मी सरकारी कचेरीत फोन केलाय, आणि पोलिसातही. माणसाची हाडं असतील असं नुसतं वाटलं तरी सांगावंच लागतं, हे तुला माहीत आहे. उद्या सकाळी तपासणीस येतायत."

"मग आणखी एक माहीत असू दे," मालाकी म्हणाला. "आमच्या कंपनीतच काय, या परगण्यात कुठल्याही कंपनीत तुला यापुढे काम मिळणार नाही."

डर्व्हलाने मला ओल्या मातीत टोकावर रोवले आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसली. मी तिथे ताठ उभी होते, आणि खरे सांगते, इतकी ताठ मी कारखान्यातून निघाल्या दिवशीही नव्हते.

शुक्रवारी, बाराची वाट न बघता, उजाडताच रस्तेवाल्यांचे मोठे पोकलेन फाटकातून आत आले. सरकारी तपासणीस अजून वाटेतच होते. पोकलेन थेट काटेरी झाडाच्या दिशेने निघाले. डर्व्हला कोपऱ्यात उभी, शेजारी लेशेक, आणि कुंपण ओलांडून आलेली डेलिया. म्हातारीने घरून खुर्ची आणली होती. ती पहिल्या कबरीच्या कडेला खुर्ची मांडून, पर्स मांडीवर घेऊन बसली, जशी काही बसची वाट पाहत होती.

"बाजूला व्हा!" रस्तेवाल्यांचा मुकादम ओरडला. "लागेल तुम्हाला!"

"एक्क्याऐंशी वर्षांची आहे मी," डेलिया म्हणाली. "मला कशाची भीती घालतोस? यंत्र चालव हवं तर."

पोकलेनच्या चालकाचे नाव मॉसी होते, अंगाने आडवा, तोंडाने फटकळ. त्याने केबिनमधून खाली पाहिले, गारगोट्या पाहिल्या, खुर्ची पाहिली. मग त्याने इंजिन बंद केले, किल्ली काढली आणि खाली उतरला.

"काय झालं रे?" मुकादम धावत आला.

"काही नाही. आमच्या आजोळी पण एक असं शेत आहे. आजी त्यात गुरं सोडू द्यायची नाही, आणि का ते सांगायची नाही. आज कळलं." त्याने किल्ली खिशात टाकली. "तूच चालव, तुला येत असेल तर."

मुकादमाला पोकलेन चालवता येत नव्हते. सगळे हसले, डेलियासुद्धा. साडेदहाला तपासणीस बाई आल्या, गुडघ्यांवर बसल्या, पाच मिनिटे पाहिले आणि काम थांबवल्याचा हुकूम तिथेच लिहून दिला.

कोपरा नीट उघडायला पाच आठवडे लागले. तपासणीस बाईंच्या हुकमामुळे कंपनीला डर्व्हलालाच ठेवावे लागले. आत एकोणीस नव्हे, त्रेचाळीस बाळे होती. मित्रांनो, इथे मी फुशारकी मारणार नाही. त्या हाडांना मी लागलेसुद्धा नाही. ती काड्यांसारखी नाजूक होती. वरची माती काढून झाली की डर्व्हला मला बाजूला ठेवायची आणि लाकडी काडीने, मऊ कुंचल्याने काम करायची. कधी थांबावे हे कळणे हेसुद्धा हत्याराचे कसब आहे.

डेलिया रोज यायची. एकदा तिने विचारले, "यातला आमचा कोणता गं?"

डर्व्हलाने कुंचला खाली ठेवला. "नाही सांगता येणार मला. खोटं सांगू शकते, पण नाही सांगणार."

"नकोच सांगू खोटं," डेलिया म्हणाली, आणि तिने पिशवीतून सोडा-ब्रेड काढून सगळ्यांना वाटला.

पुढे रस्ता झालाच. तो वळला वगैरे नाही, त्या शेतावरूनच गेला. मालाकीने आपला शब्द खरा केला आणि डर्व्हलाला पुन्हा कुठल्याच कंपनीने बोलावले नाही. दोन वर्षांत मंदी आली, बांधकामे थांबली आणि कंपन्यांना टाळे लागले, मालाकीच्यासुद्धा. कोण चांगला, कोण वाईट, हे न बघता सगळ्यांचीच कामे गेली. डर्व्हला शाळेत इतिहास शिकवायला लागली. मी तिच्या मागच्या अंगणातल्या खोपटात, खतांच्या पोत्यामागे पडले.

पण मधल्या एका दिवशी मी तिच्या कोटाच्या खिशात होते. दोन वर्षांनी हाडांचा अभ्यास पुरा झाल्यावर त्रेचाळीस पेट्या नॉकडेर्गच्या चर्चच्या आवारात, भिंतीच्या आतल्या बाजूला, पुरण्यात आल्या. सारा गाव लोटला होता. मालाकीही आला होता, सगळ्यांत मागे, टोपी हातात घेऊन. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली आणि दगडावर 'निष्पाप जीव' असे कोरू या, असे सुचवले.

"थांबा, फादर," डेलिया म्हणाली. "एकाला नाव आहे."

"कुणी ठेवलं, डेलिया?"

"मी. आत्ता. घरात कुणी ठेवलं नाही, सत्त्याहत्तर वर्षं झाली. कोलमन. कोलमन कॉस्टेलो."

मग गर्दीतून एक म्हातारा खाकरला. "आमच्याकडे मुलगी होती. तिला ब्रीजिन म्हणा." भिंतीजवळच्या एका बाईने रडत रडत आणखी एक नाव घेतले. नंतर कुणीतरी दोन नावे घेतली, जुळ्यांची. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून एकामागून एक नावे येत राहिली आणि पाद्रीबुवा प्रार्थनेच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर ती लिहीत राहिले. त्यांची पेन्सिल तुटली तेव्हा मालाकीने पुढे येऊन आपले पेन दिले. डर्व्हला त्याच्याशी बोलली नाही, पण जागा देऊन थोडी बाजूला सरकली.

एकवीस नावे झाली. उरलेल्यांची नावे घ्यायला कुणी जिवंत नव्हते.

मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी खोपटात बरी आहे. पण तुमच्यापैकी कुणी उद्या साहेब होईल, कुणी बांधकामे करील, कुणापुढे कागद येईल आणि वरचा माणूस म्हणेल, "लिही, इथे काही नाही." तेव्हा आधी गुडघे टेका. माती हाताने पाहा. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या दारात जाऊन त्याचा चहा प्या आणि त्याचे ऐका. एवढे करूनही काही सापडले नाही, तर खुशाल सही करा. आणि सापडले, तर पेन खिशात ठेवा आणि तिथेच बसून राहा, समोर कितीही मोठे यंत्र आले तरी.