दुसऱ्याच्या मावशीचे आभार

मित्रांनो, पेनाने आपली कहाणी सांगितलेली तुम्ही ऐकली असेल, छत्रीने सांगितलेली ऐकली असेल, फाटक्या चपलेनेही आपले रडगाणे गाऊन घेतले असेल. मी मात्र एक जुना प्रोजेक्ट रिपोर्ट आहे. तुम्ही म्हणाल, रिपोर्टाला कसली आली आहे कहाणी? रिपोर्ट वाचतो कोण? खरे आहे तुमचे. पण मला कॉलेजातल्या इतक्या मुलांनी हाताळले आहे की माझे कोपरे मऊ पडले आहेत आणि काळ्या पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरे निम्मी उडाली आहेत. वाचले मात्र त्यांच्यापैकीही कुणी नाही. असे कसे झाले, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म शिलाईच्या टेबलावर झाला. मला लिहिणारी मुलगी मावशीकडे राहून शिकत होती. घर दोन खोल्यांचे, त्यात मावशीचे शिवणकाम. कॉम्प्युटर ठेवायला जागा कुठून येणार? मावशीने एक दिवस काही न बोलता शिलाई मशीन उचलले आणि जमिनीवर ठेवले. टेबल भाचीला मिळाले. मावशी खाली मांडी घालून एका हाताने मशीन फिरवू लागली. कंबर धरली की उठून दोन फेऱ्या मारायची आणि पुन्हा बसायची.

त्या टेबलावर भाचीने गल्लीतल्या वाचनालयाची वेबसाईट बनवली. कोणते पुस्तक आत आहे, कोणते बाहेर गेले आहे, हे घरबसल्या दिसावे म्हणून. साईट भरभर झाली. मला लिहिताना मात्र तिच्या नाकी नऊ आले. तिच्या सरांनी माझे पहिले प्रकरण लाल शाईने रंगवून परत पाठवले. वर लिहिले, "काय केलेस ते सांगितलेस. का केलेस ते कुठे आहे?" बिचारी रडली, चिडली, आणि मग उठून वाचनालयात जाऊन बसली. तिथले ग्रंथपाल एकेका पुस्तकासाठी तीन तीन कपाटे धुंडाळताना तिने पाहिले. माझे पहिले प्रकरण त्या धुंडाळण्यापासून सुरू होते. पुढे साईटचा आराखडा, मग माहिती कशी साठवली ते, मग चाचणी, आणि शेवटी काय जमले नाही ते. प्रत्येक चित्राखाली एक ओळ, म्हणजे बघणाऱ्याने डोके खाजवत बसू नये.

बांधून घरी आलो तेव्हा मावशीने मला हातात घेतले. तिला आतले काही कळणार नव्हते. तिने माझ्या पाठीवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "शिवण सरळ आहे हो!" इतके मनापासूनचे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही. आभाराच्या पानावर माझ्या लेखिकेने लिहिले होते: "माझ्या मावशीचे आभार. तिने मला टेबल दिले आणि स्वतः जमिनीवर बसली."

त्या वर्षी सरांनी मला वर्गासमोर उंच धरले. "रिपोर्ट असा लिहायचा असतो!" झाले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो, आणि तिथेच माझे ग्रह फिरले. मला ग्रंथालयाच्या कपाटात 'नमुना' म्हणून ठेवण्यात आले.

पहिला विद्यार्थी आला तेव्हा मी फुलून गेलो होतो. वाटले, हा आता मला सावकाश वाचणार. त्याने मला खिडकीशी उजेडात नेले, मोबाईल काढला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फोटो काढले. एक ओळही वाचली नाही. पुढच्या वर्षी दुसरे आले, मग तिसरे. नाव बदलायचे, तारीख बदलायची, बाकी मी जसाच्या तसा. औषधांच्या दुकानाची साईट असो की व्यायामशाळेची, सगळ्यांना मीच पुरलो. घाईत आभाराचे पानही तसेच जायचे. त्यामुळे ज्यांना जन्मात मावशी नव्हती, त्यांनाही कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मावशी मिळाली, तीही जमिनीवर बसलेली.

मग आली तुफान. हे काही तिचे खरे नाव नव्हे. चप्पल काढायच्या आधीच खोलीत शिरलेली असायची म्हणून मैत्रिणींनी ठेवलेले. तिच्या आईवडिलांची लॉन्ड्री होती. बाबा इस्त्री करत, आई घरोघरी गठ्ठे पोहोचवत असे. तुफानने लॉन्ड्रीसाठी साईट बनवली होती. कपडे टाकले की ग्राहकाला नंबर मिळायचा, तयार झाले की निरोप जायचा. पोरगी हुशार, साईट तिने स्वतः खपून केलेली. पण रिपोर्ट म्हटल्यावर अंगावर काटा! तिने मला घरी नेले, माझा मजकूर उतरवून घेतला आणि कॉम्प्युटरला हुकूम सोडला, 'पुस्तक' दिसेल तिथे 'शर्ट' कर आणि 'वाचक' दिसेल तिथे 'ग्राहक'. कॉम्प्युटर हुकमाचा ताबेदार. त्याने केले.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या मॅडमनी तिला बोलावले आणि बजावले, "ज्याच्यावरून उतरवलंस, तोही घेऊन ये." म्हणून मीही मॅडमच्या टेबलावर जाऊन पडलो. मॅडमनी चष्मा वर केला आणि तुफानचा रिपोर्ट मोठ्याने वाचायला घेतला.

"'ग्राहकाने शर्ट वाचून झाल्यावर वेळेत परत करावे.'"

तुफान खाली बघू लागली.

"'शर्टाची पाने दुमडू नयेत. शर्टाचे लेखक व प्रकाशक यांची नोंद ठेवली जाते.' काय गं, हा शर्ट लिहिलाय कुणी?"

"पुस्तक काढून शर्ट टाकला, मॅडम. एकदम सगळीकडे."

"ते दिसतंच आहे. आणि तुझी मावशी काय म्हणते?"

"मला मावशी नाही, मॅडम."

"मग टेबल कुणी दिलं तुला?"

मॅडमनी मला जवळ ओढले आणि माझ्या पाठीवरच्या शिवणीवरून बोट फिरवले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. केस पिकले होते, चष्मा लागला होता, पण मला टाईप करणारी बोटे तीच होती. मला लिहिणारी मुलगी!

"टेबल माझ्या मावशीने दिलं," मॅडम म्हणाल्या. "मलाच दिलं. ती आता नाही. मी इथे शिकवायला लागले, तेव्हापासून दर वर्षी चारपाच जण तिचे आभार मानतात. चूक आहे हे कळत होतं गं. पण तिचं कुणीतरी नाव काढतंय, हे वाचून बरं वाटायचं. म्हणून बोलले नाही."

तुफानच्या डोळ्यांत पाणी आले. मला तर बोलता येत नाही म्हणून बरे, नाहीतर मीही हुंदका दिला असता.

मॅडमचा आवाज मात्र पुन्हा ताठ झाला. "पण तुझी साईट चांगली आहे. मी स्वतः त्यावरून चादरी धुवायला टाकल्या आणि वेळेवर निरोप आला. असलं काम या शर्टांच्या ढिगाखाली गाडलेलं मला बघवत नाही. शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येणार. हा रिपोर्ट मी त्यांच्यापुढे ठेवणार नाही. तुझा स्वतःचा आण, नाहीतर वर्ष पुन्हा करावं लागेल."

"पण मला लिहिता येत नाही, मॅडम! कुणासाठी लिहायचं तेच कळत नाही."

"तू कॉलेजात असताना ही साईट कोण वापरतं?"

"बाबा."

"मग त्यांना कळेल असं लिही. आधी अडचण सांग. मग तू काय केलंस ते. ते चालतं का, हे कसं बघितलंस ते. आणि शेवटी काय जमलं नाही ते. पळ आता."

वर्ष वाया गेले असते तर पोरीचे नुकसान तर होतेच, पण आणखी एक वर्ष आईबाबांना दोघांनाच दुकान ओढावे लागले असते. तुफान लॉन्ड्रीत आली, मला धुतलेल्या पडद्यांशेजारी फळीवर ठेवले आणि लिहायला बसली. बाबांचे हात मोकळे नसायचे, म्हणून ती वाचून दाखवायची. समजले तर बाबांची इस्त्री चालू राहायची. नाही समजले तर ते ती उभी करून ठेवायचे.

"'बटण दाबताच सर्व्हरकडे विनंती पाठवली जाते.'"

इस्त्री उभी राहिली. "विनंती? कोण करतंय कुणाला?"

तिने पुन्हा लिहिले. बटण दाबले की निरोप दूरच्या एका कॉम्प्युटरकडे जातो, तो आपल्याकडच्या नोंदी बघतो आणि उत्तर परत पाठवतो. इस्त्री चालू झाली.

"'साईटची चाचणी घेण्यात आली व ती यशस्वी झाली.'"

इस्त्री पुन्हा उभी. "कुणी घेतली?"

"मीच."

"म्हणजे पेपर लिहिणार तू आणि तपासणार पण तूच? छान आहे!"

मग गठ्ठे पोहोचवून आलेल्या आईच्या हातात मोबाईल देण्यात आला. आईला बटण सापडेना. "एवढुसं काय केलंयस गं, मुंगीला दिसेल का ते?" बटण मोठे झाले, आणि ही सगळी फजिती चाचणीच्या प्रकरणात जशीच्या तशी गेली. एकाचा शर्ट चुकून दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेला, तर साईटला काही कळत नाही, हे बोलता बोलता तिचे तिलाच उमगले. तुफानचा चेहरा पडला. लपवावे असे तिच्या मनात आलेही असेल. पण तिने शेवटच्या प्रकरणात ते स्वच्छ लिहून टाकले.

मी फळीवरून सगळे पाहत होतो. इतकी वर्षे मुले माझे फोटो काढत होती, पण माझ्यासारखा रिपोर्ट पुन्हा घडताना मी पहिल्यांदाच पाहिला. आणि खरे सांगू? तो माझ्यासारखा मुळीच नव्हता. म्हणूनच मला आवडला.

शुक्रवारी ती धावतच दुकानात शिरली.

"बाबा, झालं! परीक्षकांनी विचारलं, आपल्याच साईटची उणीव का लिहिलीस? मी म्हटलं, आहे ती लिहिली. ते हसले आणि म्हणाले, बरं झालं, नाहीतर मी तेच विचारणार होतो."

"म्हणजे पास ना?"

"पास!"

"चल, मग आधी दोन घास खाऊन घे."

"थांबा, एक पान वाचायचं राहिलंय. ते तुम्हाला दाखवलंच नव्हतं."

ते आभाराचे पान होते. तुफान वाचू लागली, आणि पहिल्यांदाच तिचा वेग कमी झालेला मी पाहिला. "'माझ्या आईचे आभार. तिला बटण सापडले नाही, म्हणून ते सगळ्यांना सापडेल एवढे झाले. माझ्या बाबांचे आभार. माझे काम काय आहे, हे त्यांनी हातातले काम थांबवून थांबवून समजून घेतले.'"

इस्त्री उभी राहिली.

तुफानने सवयीने पेन उचलले. "इथे काय नाही कळलं, बाबा?"

बाबांनी शर्टाची कॉलर नीट केली, पुन्हा विस्कटली, पुन्हा नीट केली.

"कळलं," ते म्हणाले. "सगळं कळलं. परत एकदा वाच."

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटात आहे. जरूर या, मला काढा, प्रकरणे कशी लावली आहेत ते बघा. फोटो काढलेत तरी मी रागावणार नाही, म्हाताऱ्याचे कोण ऐकतो? पण आभाराचे पान तेवढे माझ्यातून नेऊ नका. तुमच्या घरातही कुणीतरी तुमच्यासाठी आपले काम थांबवले असेल. ती ओळ त्याची आहे. ती लिहा, आणि त्याच्यासमोर बसून त्यालाच वाचून दाखवा.