माडीवरचं खारं पाणी

"आज तरी सांग बाई, वास कशाचा येतोय त्यो?"

सुमनताई दारात उभ्या होत्या. एक हात कमरेवर, दुसऱ्यात शेणाची पाटी. मंजुषाने मान वर केली नाही. तिचं पाण्याच्या चाचणीचे थेंब मोजणं चाललं होतं. सहा, सात, आठ. बोटाएवढ्या काचेच्या नळीला झाकण लावून तिने ती हलवली आणि खिडकीशी रंगांचे चौकोन छापलेल्या पांढऱ्या कार्डाला टेकवून ठेवली. पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर पाणी चांगलं. हिरवं झालं तर अमोनिया, म्हणजे विष.

"औषधाचा वास आहे, काकू."

"एकोनीस दिस झालं औषद चालू हाय. आन् दुखनाईत कुठाय?"

खरंच, टाकीत मासा एकही नव्हता. अडीच फुटांची काच, तळाला पांढरी वाळू, मध्ये दगडांची रास आणि वर खारं पाणी, उगाच हलत राहणारं.

"त्यापायी माजी स्लॅब खाली येईल येक दिस," म्हणत सुमनताई जिना उतरल्या. अंगणात खराटा सुरू झाला, आणि खराट्याच्या तालावर मुद्दाम वरपर्यंत ऐकू येईल अशी ओवी:

माज्या अंगनी तुळस, पानी गोड गं घालीते
माडीवरली पाव्हनी, खारं इकत आनीते

नळी हिरवी झाली होती, पण कालच्याहून फिकी. मंजुषाने वहीत आकडा लिहिला आणि खिडकी जरा जोरातच लावून घेतली.

माण गावातल्या त्या घराभोवतीचं शिवार केव्हाच काचेच्या इमारतींखाली गेलं होतं. उरलं होतं ते घर, तुळस आणि गोठ्यात हरणी नावाची गाय. सुमनताई एकट्या. गळ्यात माळ. चालताना मुंग्यांची रांग दिसली तर पाय उचलून ओलांडणारी बाई. पण भाडेकरणीशी बोलताना शब्द मात्र फोडलेल्या नारळासारखे. माडीवरची खोली देताना त्यांनी करारात वकिलाकडून एक कलम घालून घेतलं होतं: मांस, मच्छी, अंडं घरात आणायचं नाही. वर जायचा जिना देवघरासमोरून होता. मागे गोठ्याच्या बाजूने खोलीच्या मागच्या दाराशी येणारा एक लोखंडी जिनाही होता, पण त्याच्या फाटकाला गंजलेलं कुलूप, आणि किल्ली सुमनताईंच्या कमरेला.

मंजुषा वेंगुर्ल्याची. घरी अंथरुणावर पडलं की समुद्र ऐकू यायचा. इथे डंपर ऐकू यायचे. म्हणून ही टाकी. पिंपरीच्या चांदभाईंच्या दुकानात तिने नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे पसंत केले, तर चांदभाई पैसे घेईनात. "आत्ता नेलेत तर आठवड्यात मरतील, ताई. आधी पाणी पिकू दे. एक कोळंबी टाका, सडू दे. त्या सडक्यावर डोळ्याला न दिसणारे जीव वाढतात. पुढे माशांची घाण तेच खाऊन टाकतात. ते नसले तर मासा आपल्याच घाणीत मरतो. रोज पाणी तपासा. हिरवं जाऊन पिवळं झालं की या."

एक कोळंबी. ओढणीखाली डबा धरून मंजुषा ती देवघरासमोरून वर घेऊन गेली होती. पायमोज्याच्या तुकड्यात गुंडाळून, दोऱ्याने बांधून दगडांच्या मागे सोडली होती. औषध ते एवढंच.

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून परतली तेव्हा खोलीला वेगळाच वास होता. उग्र, ओळखीचा, गोठ्याचा. फरशीवर वाळलेल्या शिंतोड्यांचे डाग. टाकीतला दोरा कापलेला. आणि खाऱ्या पाण्यावर तुळशीचं एक पान तरंगत होतं.

हात धुतले नाहीत, पर्स ठेवली नाही. तिने नळी भरली. थेंब मोजले. पाच मिनिटं लागलीच नाहीत. नळी विहिरीच्या तळच्या शेवाळासारखी झाली, इतकी गडद की कार्डावर तो रंगच नव्हता.

ती खाली धावली. सुमनताई हरणीला पेंड घालत होत्या.

"माझ्या खोलीत का शिरलात?"

"उंदीर मेला म्हनून शिरले. निगालं भलतंच." सुमनताईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "चिमट्यानं धरून लिंबाखाली पुरलं म्या. तुज्या पायमोज्यासकट. मग गोमूत्र शिंपलं. माज्या द्येवाच्या डोक्यावर मढं ठिवतीस, अवदसे?"

"आणि टाकीत?"

"येक गडू त्यात बी वतला. पान घालून."

"अख्खा गडू?"

"मंग काय पळीनं मोजून घालू? तीर्थ हाय व्हय ते?"

"दुसऱ्याच्या खोलीत किल्ली लावून शिरायचं कोणत्या करारात लिहिलंय, काकू?"

"आन् भिताड कुनाचं हाय? सांग की! खोटं बोलायला लाज वाटली न्हाई. औषद म्हनं!"

ती खोटं बोलली हे खरंच होतं, आणि खरं असलेलं फार झोंबतं. मंजुषाने हाताशी सापडला तो धारदार शब्द उचलला.

"तुम्ही मारलंत त्यांना."

"कुनाला? येक मासा न्हाई त्यात!"

"माशाच्या आधीचे जीव असतात पाण्यात. दिसत नाहीत. लाखो. तीन आठवडे जगवले होते मी. मुंगीला जपता तुम्ही, गळ्यात माळ घालता, आणि एका गडूत एवढे जीव घेतलेत."

सुमनताईंच्या हातातली पेंड खाली पडली. हात माळेकडे गेला आणि तिथेच थांबला. हरणीने मान वळवून दोघींकडे पाहिलं.

"आठ दिस," सुमनताई म्हणाल्या. आवाज बसला होता, पण वाकला नव्हता. "आठ दिसांत खोली मोकळी कर."

मंजुषाने त्याच संध्याकाळी अर्धं पाणी उपसलं, जारच्या पाण्यात मीठ कालवून नवं भरलं. त्याहून जास्त करण्यासारखं काही नव्हतं. टाकी टेम्पोत घालून नेता येणार नव्हती. पाणी सांडणार, दगड सुकणार, आणि जे कुणी आत उरलं असेल तेही जाणार. तरी ती रोज सकाळी थेंब मोजत राहिली. रोज एक खोकंही भरत राहिली.

आणि रोज सकाळी सुमनताई वर येऊ लागल्या.

"किती खोकी झाली?" दारातूनच विचारायच्या. नजर मात्र खोक्यांवर नसायची, खिडकीवर असायची.

"तीन."

"आजून कारल्यावानीच दिसतंय ते."

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय करायचंय! खोली कवा धुवून घ्यायची ते बघायला आले." आणि धाडधाड खाली.

पाचव्या दिवशी मंजुषाने नळी कार्डाला टेकवली तेव्हा पाठीमागून आवाज आला, "आज कैरीचा रंग हाय." सहाव्या दिवशी सुमनताई नळी भरायच्या आधीच वर आल्या. पाच मिनिटं पूर्ण होईपर्यंत चौकटीला धरून उभ्या राहिल्या. खराट्याबरोबरची ओवी आठवडाभर बंद होती. मंजुषाच्या ध्यानात आलं तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा थोडा रागही आला.

आठव्या दिवशी नळी पिवळी राहिली. पिकल्या लिंबासारखी, स्वच्छ. तिचा विश्वास बसेना. पुन्हा नळी धुतली, पुन्हा थेंब. पिवळीच. मग नायट्राइट या दुसऱ्या विषाची चाचणी, ज्यात जांभळा रंग वाईट. तीही आकाशासारखी निळी राहिली.

"जितं हायत?"

सुमनताई उंबऱ्याच्या आत आल्या होत्या. मंजुषासमोर पहिल्यांदाच. मंजुषाच्या ओठांवर आठ दिवस धार लावून ठेवलेलं वाक्य तयार होतं. "नाही" एवढं म्हटलं असतं तरी ही बाई जन्मभर माळेला हात लावताना अडखळली असती. नळी तिच्या हातात होती. रंग वाचायचा कसा हे सुमनताईंना ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ सांगणारी तीच एक होती.

"आहेत," ती म्हणाली. "तुमचा गडू खाल्ला त्यांनी. सगळा. गोमूत्रातूनही तेच विष तयार होतं, अमोनिया. कोळंबीने जे केलं तेच हरणीने केलं."

"माज्या हरनीची त्या सडक्याशी बरुबरी करतीस?"

"मी नाही करत. पाणी करतंय."

सुमनताई टाकीजवळ गेल्या. काचेला नाक लावून रिकाम्या पाण्यात बघत राहिल्या. "मासं कवा येनार?"

"कुठे येणार? अकराला टेम्पो आहे."

"म्या इचारलं त्येवडं सांग."

"आज आणले तरी जगतील."

"आन् खानार काय ती?"

"दाणे" म्हणता आलं असतं. सोपं होतं, औषधासारखंच. मंजुषाने नळी खाली ठेवली.

"कोळंबी. बारीक. बर्फातली."

सुमनताई वळून खाली गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं नेहमीपेक्षा हळू वाजली. संपलं, मंजुषा मनात म्हणाली. तिने पाणी उपसायची रबरी नळी घेतली, एक टोक टाकीत सोडलं आणि बादलीशी बसून राहिली. दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं तेवढं तिच्याने होईना.

मग मागच्या बाजूने करकर ऐकू आली. गंजलेलं कुलूप. लोखंडी जिन्यावर जड पावलं, एकेका पायरीवर थांबून. मागच्या दारावर थाप पडली.

"उघड. मेली कडी आतून हाय."

कडी निघायला वेळ लागला. दारात सुमनताई धापा टाकत होत्या. एका हातात किल्ली, दुसऱ्यात गोमूत्राचा गडू, आणि गडूत पळी.

"द्येवापुढनं न्ह्यायचं न्हाई. हिकडनं आनायचं, हिकडनंच. त्यो डबा माज्या नळाखाली धुवायचा न्हाई. आन् पुन्यांदा खोटं बोललीस, तर खोक्यासकट भाईर."

"आणि टेम्पो?"

"त्याला सांग, पत्ता चुकला."

किल्ली त्यांनी खिडकीत आपटली आणि गडू मंजुषापुढे धरला. "मासं येईस्तवर त्या न दिसनाऱ्या जीवास्नी उपाशी मारतीस व्हय? म्या मारलं म्हनून गावभर सांगशील परत. किती घालायचं?"

"काकू, अख्खा गडू नको."

"म्हनून तर पळी आनलीया." सुमनताईंनी पळी भरली आणि पाण्यावर तिरपी धरली. "थेंब मोज. तुला येतंय ते तेवढंच."