गाठ सोडायची नाही

मी एक जुना दोर आहे. किती जुना ते विचारू नका, कारण तरणाबांड म्हणवून घ्यायची माझी हौस अजून फिटलेली नाही. मित्रांनो, दोर वळणाऱ्याच्या अंगणात माझा जन्म झाला. एका टोकाने तो पीळ द्यायचा आणि दुसऱ्या टोकाने त्याची बायको. दोघांचं दिवसभर भांडण चालू होतं, तरी पीळ मात्र एकसारखा बसला.

मला एका म्हाताऱ्या गवंड्याने घेतलं. सगळे त्यांना आजोबाच म्हणत. कप्पीवरून विटांची घमेली वर चढवायची, हे माझं काम. गावच्या शाळेच्या विटा मीच चढवल्या, हे मी भेटेल त्याला ऐकवायचो. ऐकणारे कंटाळायचे, मी कंटाळत नसे.

मग लढाई आली. ती पुढे निघून गेली, पण जाताना घरं आणि शाळा यांच्या मधल्या माळात सुरुंग पुरून गेली. वरून बघाल तर नुसतं गवत आणि पिवळी फुलं. सुरुंग काढणाऱ्या ताई आपली माणसं घेऊन आल्या. सगळा माळ साफ व्हायला फार दिवस लागणार होते. म्हणून त्यांनी आधी शाळेपर्यंतची एक अरुंद वाट मोकळी केली आणि दोन्ही बाजूंना पांढरे दगड लावले. दगडांच्या आत वाट, बाहेर मरण. आईबाप मुलांना त्या वाटेने पाठवायला तयार होईनात. मुलं घरीच बसली आणि शाळा ओस पडली.

तेव्हा शाळेच्या बाई आजोबांकडे आल्या.

"आजोबा, तुमचा दोर हवाय."

"का? शाळेवर आणखी मजला चढवायचाय?"

"नाही हो. पोरं शाळेपर्यंत न्यायचीत."

आजोबा हसले नाहीत. त्यांनी मला अंगणात लांब पसरलं आणि प्रत्येक मुलासाठी एकेक गाठ मारली. गाठी मारताना मला गुदगुल्या झाल्या, खरं सांगतो. मुलांनी आपापल्या गाठीला रंगीत चिंध्या बांधल्या. इतका नटलो मी, की वाळत घातलेल्या कपड्यांनाही हेवा वाटला असेल.

पुढचं टोक बाईंच्या मनगटाला, मागचं आजोबांच्या कमरेला आणि मध्ये सगळी चिल्लीपिल्ली. बाईंनी नियम सांगितला, "काहीही झालं तरी गाठ सोडायची नाही."

मुलं नियम पाळायची. नाक खाजलं तरी दुसऱ्या हाताने. सगळ्यांत जास्त काळजी होती ती भिंगरीची, आजोबांच्या नातीची. त्या पोरीचा पाय एका जागी ठरेल तर शपथ. तिच्या पुढची गाठ होती ठोकळ्याची. हा मुलगा इतका संथ, की त्याला हाक मारून माणूस आपलं एखादं काम उरकून यायचा.

एके दिवशी सकाळी भिंगरीचं करडू आमच्या मागोमाग आलं. अर्ध्या वाटेवर त्याने टुणकन दगड ओलांडला आणि ते फुलं खायला लागलं. भिंगरीचा जीव कासावीस झाला. पण गाठ सोडायची नाही, हे तिच्या पक्कं लक्षात होतं. मग तिने काय करावं? गाठ घट्ट धरली आणि मला घेऊनच माळाकडे वळली!

मागच्या मुलांनाही गाठ सोडायची नव्हती. तीही शहाण्यासारखी तिच्यामागे वळली. बाई पुढे वळणावर होत्या. मागे आजोबा ओरडले, पण त्यांनी मला खेचलं असतं, तर मधली लहान पोरं धडपडून दगडांपलीकडे पडली असती. मी आयुष्यभर घमेली उचलली, पण त्या क्षणी माझा पीळच सुटतोय की काय असं वाटलं.

आणि ठोकळ्या खाली बसला. वाटेच्या मधोमध, गाठ पोटाशी धरून. मी ताडकन ताणला गेलो. भिंगरीने दगडापलीकडे उचललेला पाय हवेतच राहिला आणि ती मागे आदळली, वाटेवरच. तिच्या मागचेही बसले.

"आता कुणी हलायचं नाही," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण माझं टोक त्यांनी मुठीत घट्ट आवळलं होतं. ते मला कळत होतं.

"माझं करडू..." भिंगरी रडत म्हणाली.

करडाला कशाचंच काही नव्हतं. ते आल्या पावली परत आलं आणि माझ्या चिंध्या चघळायला लागलं. आजोबांनी त्याला काखोटीला मारलं, नातीला जवळ घेतलं आणि मग तेही वाटेवर बसून राहिले.

संध्याकाळी ताईंना सगळं समजलं. "बाई, पोरांनी नियम पाळला," त्या म्हणाल्या. "नियमच अर्धा होता."

दुसऱ्या दिवसापासून नियम पुरा झाला. गाठ सोडायची नाही, आणि कुणी वाट सोडली तर बाकीच्यांनी तिथल्या तिथे बसायचं. त्याचा रोज सराव होई. बसायला मिळतं म्हणून मुलं खूश, आणि ठोकळ्या तर सगळ्यांचा गुरू! शेजारच्या वस्त्यांतली माणसं मला बघायला आली आणि त्यांनीही आपापले दोर काढले. माझी छाती फुगली. दोराला छाती नसते, हे मला माहीत आहे.

पुढे सगळा माळ साफ झाला. पांढरे दगड उचलले गेले आणि मला शाळेच्या खुंटीला टांगलं. मुलं माझ्याशिवाय येऊ-जाऊ लागली. मला वाईट वाटलं, लपवत नाही. धूळ बसली, कोळ्याने घर केलं, कुणी ढुंकून पाहिना.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायला मी आलेलो नाही. मोठी माणसं जमिनीत काय पुरतात, तेवढं लक्षात ठेवा. तुम्ही मोठे झालात की पुरू नका, आणि कुणी पुरू लागलं तर अडवा. शाळेत जायला कुठल्याच मुलाला माझी गाठ धरावी लागू नये.

आणि माझं म्हणाल, तर परवा भिंगरीने मला खुंटीवरून ओढून काढलं. रस्सीखेच खेळायची होती. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ठोकळ्या, मागे सगळी शाळा. मी ताणलो, कुरकुरलो, आणि मधोमध तुटलो. दोन्हीकडची मुलं धपाधप पडली, त्याच माळावर, त्याच गवतात, आणि हसत लोळत राहिली. त्यांना उठवायला कुणीसुद्धा धावलं नाही.